वडील हयात आहेत?

जून लागला की परळमध्ये झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. गिरण्या होत्या तिथे काचेचे मनोरे उभे राहिलेत, पण त्यांच्या पायथ्याशी ही दुकानं आहेतच, आणि त्यांच्यापुढे दरवर्षी तीच सतरा वर्षांची तोंडं, प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका धरून उभी. फॉर्म आता मोबाइलवर भरतात. शेजारची ऋता परवा माझ्याकडे बसून भरत होती. मध्येच किंचाळली, "आजी, जन्मतारीख चुकली!" मग अंगठ्याने काहीतरी केलं आणि हसली. "झालं एडिट."

मी उठून आत गेले. तिला वाटलं असेल, म्हातारीला कंटाळा आला.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षीचा जून कोरडा होता की ओला, मला आठवत नाही. त्या महिन्यातलं आकाशच आठवत नाही. आठवतात ते वास. बाबांच्या सदऱ्याला येणारा यंत्राच्या तेलाचा वास, आईच्या खाणावळीतल्या सुक्या बांगड्यांचा वास, आणि चाळीच्या भिंतीवर रोज नव्याने लिहिल्या जाणाऱ्या घोषणांच्या ओल्या गेरूचा. पोलीस सकाळी चुना फासून जायचे, दुपारपर्यंत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' पुन्हा उगवलेलं असायचं. जानेवारीत आमच्या भागात गोळ्या चालल्या होत्या. संचारबंदीत खिडकी लावून मी भूमितीची प्रमेयं पाठ केली, खाली बुटांचा आवाज चालू असताना. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्या घरावरून जाताना आम्ही चपला हातात घ्यायचो. का, ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा गिरणीत साचे चालवायचे, म्हणजे माग. नाव अर्जुन. जानेवारीत ते रस्त्यावर होते आणि सुखरूप परत आले. जूनच्या तोंडाशी त्यांनी सत्याग्रहाच्या तुकडीत नाव दिलं, फोर्टात मोर्चाला गेले, आणि तिथूनच पोलिसांनी त्यांना गाडीत घालून नेलं. दीड महिन्याची शिक्षा झाली. आई खाणावळीच्या वीस माणसांचा भात उपसत म्हणाली, "बरा झाला. दीड महिनो तरी धडपणी निजतीत." आणि पदराने डोळे पुसले.

मी तेव्हा घरातही शाळेची भाषा बोलायला लागले होते. आई मालवणीत विचारायची, मी पुस्तकातलं उत्तर द्यायची. तिला त्याचं कौतुक वाटायचं. मला तिच्या कौतुकाची लाज वाटायची.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. ट्रामने भायखळ्याच्या पुढे जावं लागे, एवढं पुरे. फॉर्म चार पानांचा, सगळा इंग्रजीत. काळ्या शाईने, स्वतःच्या हस्ताक्षरात भरायचा. आमच्या चाळीत इंग्रजी फॉर्म भरलेलं माणूस नव्हतं. विचारावं असे एक मास्तर होते, ते बाबांबरोबरच तुरुंगात होते. मी खाणावळीचं लाकडी बाक पुसून कोरडं केलं, त्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि दुपारी जेवणावळ उठल्यावर एकटीने फॉर्म भरला.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजच्या खिडकीत दिला आणि तेव्हापासून माझ्या चुका माझ्यामागे लागल्या.

गावाच्या नावाचं स्पेलिंग दाखल्यावर एक होतं, मी दुसरं लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर शाईचा ठिपका पडला होता. तो टिपायला गेले तर त्याची माशी झाली. वडिलांचा धंदा विचारला होता, तिथे काय लिहावं ते सुचेना. 'साचेवाला'चं इंग्रजी मला येत नव्हतं, आणि येत असतं तरी मी ते लिहिलं नसतं. ती जागा मोकळी सोडली. पालक म्हणून आईचं नाव घातलं, कारण बाबा तुरुंगात. खाली तिचा अंगठा. नळावर पाणी भरताना, भाकऱ्यांचं पीठ मळताना मी तो फॉर्म मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा भरायची. प्रत्येक वेळी ठिपका मोठा झालेला असायचा. ट्राममध्ये बसून परत जावं, खिडकीतल्या माणसाच्या हातापाया पडून तो कागद मागून घ्यावा, असं वाटायचं. आई म्हणायची, "काय गो, जेवणस नाय ता? शायेचो एक ठिपको पडलो म्हणान कोण मरता काय?"

पहिली यादी लागली. त्यात माझं नाव नव्हतं. काचेच्या फळ्यापुढे मी तीन वेळा वरून खाली वाचलं. बाजूच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. ठिपका, मी मनात म्हटलं. ठिपकाच.

आठवड्याने कार्ड आलं. कचेरीत भेटावे.

कचेरीत हेडक्लार्क बसायचे. विजयकर त्यांचं नाव. गिरगावात राहणारे, पन्नाशीचे, डोक्यावर काळी टोपी, कोटाच्या बाह्या टेबलाला घासून चकचकीत झालेल्या. त्यांच्यापुढे माझा फॉर्म होता. मी उभ्या उभ्या ठिपका शोधला. त्यांनी तो बघितलाही नव्हता.

"बैस, बाळ," ते म्हणाले. आयुष्यात मला प्रथमच कोणीतरी कचेरीत 'बैस' म्हटलं. "परळची ना तू? वडील कधी गेले?"

"मोर्चाला गेले होते," मी म्हटलं. "फोर्टात."

टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"आणि तिथूनच...?"

"तिथूनच नेलं त्यांना."

"माझा पुतण्या," ते म्हणाले, "गिरगावात. दूध आणायला खाली उतरला होता. घरात कमावता तो एकटाच." मला काहीच कळत नव्हतं. तुरुंगात गेलेल्या माणसासाठी टोपी कशाला काढायची? तेव्हा त्यांनी फॉर्म माझ्याकडे वळवला, आणि त्यांच्या बोटाखाली मला माझी चूक दिसली.

वडील हयात आहेत की मृत, असा प्रश्न होता. दोन शब्द शेजारी छापलेले, 'लिव्हिंग' आणि 'डेड', आणि नको तो 'स्कोअर आउट' करा अशी सूचना. स्कोअर आउट म्हणजे खोडणं, हे मला माहीत नव्हतं. शाळेत बरोबर उत्तरावर खूण करायची सवय. मी 'लिव्हिंग'वर पट्टी ठेवून काळ्या शाईची सरळ, जाड, सुंदर रेघ मारली होती. अख्ख्या फॉर्ममध्ये तेवढी एक गोष्ट ठिपका न पडता झाली होती. तिच्याबद्दल मी एक क्षणही काळजी केली नव्हती.

"घरातला कर्ता पुरुष गेलेल्या मुलीसाठी एक जागा प्रिन्सिपॉल राखून ठेवतात," विजयकर सांगत होते. "फीसुद्धा माफ. मी तुझं नाव पुढे केलंय. सायन्सच हवं ना तुला?"

काका, ते जिवंत आहेत. एवढंच म्हणायचं होतं. मी साठ-पासष्ट वर्षं ते वाक्य घोळवते आहे, त्याला एका दमापेक्षा जास्त वेळ लागत नाही. टेबलावर टाइप केलेला कागद होता आणि त्यावर माझं पूर्ण नाव होतं. मी त्या नावाकडे बघितलं आणि म्हटलं, "हो. सायन्स."

"उद्या आईंना घेऊन ये. प्रिन्सिपॉलसाहेब दोन शब्द बोलतील त्यांच्याशी."

चूक आणि खोटं यांच्यामध्ये किती अंतर असतं, हे मी पुढे वर्गात मुलांना कधी शिकवू शकले नाही. मला ते पायाखालून गेलेलं कळलंच नाही. कचेरीत शिरताना मी चुकलेली मुलगी होते; बाहेर पडले तेव्हा वडील नसलेली.

आईला सांगितलं तेव्हा ती मासे कापत होती. तिने विळी आडवी केली.

"तुझो बापूस जिवंत आसा गो."

"माहीत आहे मला."

"मग तसा सांग तेंका. नाय म्हणान सांग."

"सांगितलं तर जागा जाईल."

"जाऊ दे."

"आणि मग मी काय करू?" मी म्हटलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "बाबा सुटून येतील आणि पुन्हा साचे चालवतील. तू वीस माणसांची उष्टी काढशील. मीही इथेच बसून भांडी घासू? तसं सांग म्हणजे मी उद्या जाऊन जिवंत आहेत म्हणून सांगते."

माझ्या शाळेच्या भाषेचं तिला किती कौतुक होतं. आता तीच भाषा तिच्यापुढे उभी राहून असं बोलत होती. तिने विळी पुन्हा उभी केली आणि उरलेले मासे कापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुवट पांढरट लुगडं नेसून दारात उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चाळीतून तसंच निघावं लागणार होतं. ट्राममधून उतरल्यावर कॉलेजच्या अलीकडे एक बंद गोदाम होतं, त्याच्या आडोशाला ती थांबली. "हयच थांब जरा," म्हणाली. पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि कुंकू पुसलं. पंधरा-वीस वर्षं ऊन न लागलेली गोल जागा तिथे दिसायला लागली, बाकी कपाळापेक्षा उजळ. तिने मंगळसूत्र चोळीच्या आत ढकललं. मग हात पुढे केले.

बांगड्या निघेनात. रात्रंदिवस पाण्यात राहून तिचे हात सुजलेले असायचे. ती एक एक ओढत होती आणि बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडत होती. माझं लक्ष कॉलेजवरच्या घड्याळाकडे. मी तिचा हात धरला आणि बांगड्या ओढून काढल्या. मी काढल्या. एक फुटली आणि तिच्या मनगटावर बारीक लाल रेघ उठली. आई ओरडली नाही. मी फुटके तुकडे पायाने गटारात सारले.

प्रिन्सिपॉल इंग्रजीतून दोन वाक्यं बोलले, विजयकरांनी ती मराठीत सांगितली. "वहिनी, त्यांचं बलिदान आम्ही वाया जाऊ देणार नाही." आईला रडू आलं. ते खरं रडू होतं. अशी बाई रडणारच, म्हणून दोघेही खाली बघत राहिले. विजयकरांनी स्वतः शाईची डबी पुढे केली, तिचा अंगठा हळूच धरून कागदावर टेकवला, आणि पुसायला आपला रुमाल दिला.

परतताना ती ट्राममध्ये माझ्या शेजारी बसली नाही. पुढच्या बाकावर बसली. चाळीत शिरायच्या आधी कोपऱ्यावरच्या देवीपुढे थांबून तिने देवीच्या पायावरचं कुंकू बोटाने घेतलं. त्यानंतर बाबा सुटेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. वाढायची, ताट उचलायची. मी पहिल्या वर्षाची पुस्तकं वाचत बसायची. मला वाईट वाटत होतं, असं लिहायला हवं. खरं हे आहे की मला सुटल्यासारखं वाटत होतं. फॉर्ममधल्या चुकांची काळजी संपली होती.

बाबा सुटले त्या दिवशी चाळीने त्यांना ताशे लावून आणलं. कपाळावर, कानांत, मिशांत गुलाल. वर येताच त्यांनी मला जवळ ओढलं. "कॉलेजात गेलंस? उद्या येतंय मी तुझ्या कॉलेजात. बघतंय तरी कसा असता तां."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "तूच सांग तेंका."

माणसं पांगल्यावर मी सांगितलं. बाबा ऐकता ऐकता हसायला लागले. मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजे कॉलेजात मी मेलंय! हुतात्मो झालंय! वा गो वा." हसता हसता थांबले आणि विचारलं, "आणि सही? आवशीन काय केल्यान?"

मी तेही सांगितलं. बांगड्यांचं सांगितलं नाही. आईच्या नव्या बांगड्या त्यांना तेव्हा दिसल्या.

ते बादली घेऊन गुलाल धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. चार वर्षांत त्यांनी कॉलेजचं नाव काढलं नाही. स्नेहसंमेलनाला मुलींचे आईवडील यायचे. प्रयोगशाळेत मला बक्षीस मिळालं तेव्हा ते मी घरी आणून दाखवलं, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून बघितलं, दुसऱ्या कोणाच्या मुलीचं असावं तसं.

विजयकर मला भेटले की थांबायचे. "अभ्यास होतोय ना?" जुनी पुस्तकं काढून ठेवायचे. संक्रांतीला तिळगूळ द्यायचे. मी घ्यायची. त्यांच्याकडून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची मला नंतर किळस आली, तेव्हा मात्र गोड लागली.

राज्य झालं त्या मे महिन्यात लालबागपासून दादरपर्यंत तोरणं लागली होती. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. मी आत होते. बाबांनी दार उघडलं.

"कैलासवासी अर्जुनरावांचं घर हेच ना?"

आवाज विजयकरांचा होता. बाबांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. म्हणाले, "होय, साहेब. येवा. मी त्यांचो धाकटो भाव."

विजयकर टोपी हातात घेऊन खाटेवर बसले. खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं. हुतात्म्यांची नावं छापून आली होती. "मी पुनःपुन्हा वाचली. माझ्या पुतण्याचं आहे. अर्जुनरावांचं नाही. आधीही लक्षात आलं होतं, पण मुलीला त्रास नको म्हणून थांबलो. आता राज्य झालं. त्यांचं नाव राहून जाता कामा नये. मी अर्ज लिहून आणलाय, तुम्ही फक्त सही करा."

आणि ते बाबांना बाबांविषयी सांगू लागले. असा माणूस रस्त्यावर उतरला म्हणून आज आपण हा दिवस बघतो आहोत. बाबा मान खाली घालून ऐकत होते. "आमका यादी नको, साहेब," ते म्हणाले. "गेलो तो गेलो."

"असं कसं म्हणता? तुमचा सख्खा भाऊ ना?"

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. कोण आलंय, तिला माहीत नव्हतं. गिरणीतलं कोणी असेल, असं तिला वाटलं. हातात कपबशी, हिरव्या बांगड्या आणि कपाळावर कुंकू.

विजयकरांनी तिला ओळखलं. तिने त्यांना. त्यांनी तिच्या कपाळाकडे बघितलं, मग बाबांकडे, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. त्यांनी अर्जाची पुन्हा घडी केली, वर्तमानपत्राची केली, दोन्ही खिशात ठेवली आणि उठले.

दाराशी ते माझ्याजवळ थांबले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"त्या जागेसाठी दोन अर्ज होते, बाळ. दुसरा माझ्या पुतणीचा. भाऊ गेलेली. घरच्या माणसाला पुढे केलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तुझा वर ठेवला. तिचं त्याच वर्षी लग्न करून दिलं."

आणि ते जिना उतरले.

निकालापर्यंतचे ते दिवस मी पुन्हा तशाच काळजीत काढले. ते तक्रार करतील, माझी पदवी जाईल. लाज वाटायच्या आधी मला भीती वाटली, हे इथे लिहून ठेवते. त्यांनी तक्रार केली नाही. प्रमाणपत्र त्यांनीच खिडकीतून दिलं, बोट दाखवून म्हणाले, "इथे सही," आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. मी दादरच्या एका शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. चांगलं शिकवलं, असं मुलं म्हणतात. विजयकरांच्या पुतणीचं नाव मी कधी शोधलं नाही. गिरगावात शोधणं अवघड नव्हतं.

पण त्या रविवारचं सगळं सांगून झालेलं नाही. विजयकर उतरल्यावर बाबाही घाईने खाली गेले, चपला न घालता. मी गॅलरीत गेले. विजयकर रस्ता ओलांडून ट्रामच्या थांब्याकडे निघाले होते. बाबांनी त्यांना मध्येच गाठलं. काय बोलले ते वर ऐकू आलं नाही. मग भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, बाबा वाकले. त्यांचे पाय धरायला वाकले.

विजयकर मागे सरले. एकच पाऊल. बाबांचे दोन्ही हात डांबरावर टेकले आणि तिथेच राहिले. विजयकर वळून चालायला लागले.

थोड्या वेळाने बाबा उठले. हात सदऱ्याला पुसले. मग त्यांनी मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघितलं.

मी आत सरकले.